खाप्याचा भुईआवळा

६ ऑगस्ट २०२५, बुधवार

पार्सल आलं एकदाचं! खाप्याच्या गाडीतून, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवून. रोशन कन्हानहून ड्युटी आटोपून येताना बसस्टँडवर थांबला. भूक लागली, भूक लागली म्हणून कुरकुरत आला, पण पिशवी मात्र जपून आणली. बापाची पिशवी ना!

मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, पाठवलेला भुईआवळा. उशीच्या जुन्या खोळीत भरलेला, तोंड दाभणानं शिवलेलं. आत लहान लहान जुड्या — मुळासकट, माती झटकून, सावलीत वाळवलेल्या. मी एकेक जुडी पेपरवर सोडली आणि बघतच राहिले. एका पानाला भोक नाही! मागच्या वर्षी ते बांधाबांधावरून उपटून आणत होते, तेव्हा अर्धा माल निवडून फेकावा लागला होता. अळीनं खाल्लेला, जाळी धरलेला. बोरकर मॅडम तेव्हा माझ्या गाइड कमी आणि सासू जास्त वाटल्या होत्या. आता दाखवते त्यांना.

फोन केला. "पोचलं का वं पोरी? कसं आहे?" मी म्हटलं, फस्क्लास. मग ते नुसते हसत राहिले. बहात्तर वर्षांचा माणूस, सुनेनं पास केलं म्हणून खूश! सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून खाप्याच्या घरात एकटेच असतात. आमच्याकडे या म्हटलं की म्हणतात, तिथं फ्लॅटात मी का करू, गॅलरीत उभा राहू?

११ ऑगस्ट

उंदीर आले. तीस पांढरे उंदीर, पाच पिंजरे, एकेकात सहा.

नीट लिहून ठेवते, नाहीतर ऐनवेळी माझाच गोंधळ होतो. पहिल्या पिंजऱ्याला नुसतं पाणी. दुसऱ्याला नुसतं कीटकनाशक — क्लोरपायरिफॉस, रोज थोडं थोडं. तिसऱ्या-चौथ्याला कीटकनाशक आणि वर भुईआवळ्याचा अर्क, तिसऱ्याला कमी, चौथ्याला जास्त. पाचव्याला नुसता अर्क. काविळीला भुईआवळा देतात हे इथं कुणालाही माहीत आहे. फवारणीच्या विषानं लिव्हर खराब होतं, त्यालाही तो आवरतो का, एवढाच माझा प्रश्न. या एका प्रश्नात चार वर्षं गेली. फार्मसी कॉलेजात शिकवायचं, पेपर तपासायचे, स्वयंपाक करायचा आणि उरलेल्या वेळात पीएचडी. एकोणचाळिसाव्या वर्षी! रोशन म्हणतो, तुले डॉक्टर म्हणायच्या आधी मले डॉक्टर लागते.

प्राणिगृह सांभाळतात ते मनोहरराव. तीस वर्षांची नोकरी. उंदरांना नावं ठेवायची नाहीत असा नियम आहे, तरी ठेवतात. पाचव्या पिंजऱ्यातला एक सगळ्यांत लठ्ठ, तो गोलू. मी रागावले. म्हणाले, मॅडम, याच्या वाट्याले तं नुसता काढा आहे, हा मजेत राहीन.

२२ ऑगस्ट

डोस सुरू. पहिल्याच दिवशी गोलूनं बोटाला चावा घेतला. टीटीचं इंजेक्शन घेतलं, दंड दुखतोय.

२८ ऑगस्ट

मामाजींचा रोज फोन. आपली वनस्पती कोणत्या उंदराला गेली, त्याचं पोट साफ आहे का! मी सांगते, ते ऐकतात. मग म्हणतात, मी बी रोज सकाळी एक गिलास काढा घेतो, तू एवढी शिकून राहिली त्याच्यावर तं आपण कायले मागं राहायचं.

खरं सांगू? मला फार बरं वाटलं. माझ्या स्वतःच्या वडिलांनी माझा विषय काय, हे कधी विचारलं नाही.

३ सप्टेंबर

मनोहरराव म्हणाले, मॅडम, पाचव्या पिंजऱ्यातले खाऊन नाही राहिले. मी म्हटलं, हवामान बदललंय. कॉलेजात इन्स्पेक्शन आहे, फायलींचा डोंगर पडलाय, त्यात आता उंदरांच्या भुकेचं कुठे बघू!

९ सप्टेंबर

गोलू गेला.

पाचव्या पिंजऱ्यातले बाकीचेही अंग फुलवून कोपऱ्यात बसलेत. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला बारीक थरथर. हे सगळं दुसऱ्या पिंजऱ्यात दिसायला हवं. तिथं कीटकनाशक आहे, इथं नाही! चौथ्या पिंजऱ्यात तर दोघे मेले. तिथं अर्क सगळ्यांत जास्त काम करायला हवा होता.

डोकं सणकलं माझं. नळीनं डोस मी पाजते, पण बाटल्या क्रमानं काढून मनोहरराव देतात. मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. तुम्ही बाटल्या बदलल्या, तुमचं लक्ष नसतं, माझी चार वर्षं पाण्यात गेली — काय काय बोलले. पोरं-पोरी दारात उभी राहून ऐकत होती.

ते एवढंच म्हणाले, "नंबर वाचल्याबिगर मी बाटली हाती घेत नाही मॅडम."

१० सप्टेंबर

लेबल तर मीच वाचते. प्रत्येक वेळी. रात्रभर तेच आठवत राहिलं. तरी आज माफी मागितली नाही. जीभ उचललीच नाही.

२२ सप्टेंबर

निकाल हातात. दुसऱ्या पिंजऱ्याचं कोलिनेस्टरेज कमी — ते तर अपेक्षितच. कीटकनाशक अंगात गेलं की रक्तातलं हे एन्झाइम खाली येतं, तीच त्याची खूण. पण पाचव्याचंही तितकंच खाली! ज्यांना भुईआवळ्याशिवाय काहीच दिलं नाही त्यांचं. तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच.

बोरकर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की समजायचं, आता खरं बोलणार. म्हणाल्या, मिनल, बाटली बदलली असती तर एखाद्या दिवशीची गडबड दिसली असती, रोजची नाही. तुझी वनस्पतीच तपासून घे.

मला राग आला. खाप्याचा भुईआवळा! मामाजींनी स्वतः हातानं वाळवलेला!

तरी सदर भागातल्या लॅबमध्ये एक जुडी देऊन आले.

३० सप्टेंबर

रिपोर्ट आला. वाळलेल्या भुईआवळ्यात प्रोफेनोफॉस. थोडंथोडकं नाही, भरपूर. माझ्या बाटलीत क्लोरपायरिफॉस होतं; हे दुसरंच कीटकनाशक. कपाशीवर मारतात ते. म्हणजे मनोहररावांची काडीचीही चूक नव्हती.

सरळ प्राणिगृहात गेले. तेव्हा दारात होती ती चार पोरं बोलावली, त्यांच्यासमोर हात जोडले. म्हटलं, मनोहरराव, चूक माझी, तोंड माझं घाण. ते इतके अवघडले, इतके अवघडले, की शेवटी मलाच म्हणाले, जाऊ द्या मॅडम, चहा घेता का. प्यायले. साखर फार होती, तरी सगळा प्यायले.

पण भुईआवळ्यावर आलं कुठून? मामाजींनी कपाशीचं वावर कधीच बटईनं दुसऱ्याला कसायला दिलंय. स्वतः ते घरामागच्या दोन गुंठ्यांतच काय ती खुडबुड करतात. शेजारच्या कपाशीवरचा फवारा वाऱ्यानं उडून आला असेल. दुसरं काय?

आणि मामाजी तोच काढा रोज पितात.

रोज!

लगेच फोन लावला. म्हटलं, काढा बंद करा, उद्यापासून एक थेंब घ्यायचा नाही. "काहून?" मी म्हटलं, प्रयोगात जास्त घेतल्यानं त्रास दिसून राहिला. ते म्हणाले, बरं बाई. आवाज जड वाटला, जीभ जड झाल्यासारखा.

१ ऑक्टोबर

उद्या दीक्षाभूमीला येत नाहीत म्हणाले. गुडघा दुखतो म्हणे!

हे मी मानत नाही. १९५६ ला तीन वर्षांचे होते, वडिलांच्या खांद्यावर बसून आले होते. तेव्हापासून चुकलं नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षीही आले, पांढरा सदरा घालून, एकटे. आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्काम, सकाळी निळी पिशवी खांद्याला, आणि संध्याकाळी पुस्तकं घेऊन परत. माझ्यासाठी दरवर्षी एक. गुडघा दुखतो!

२ ऑक्टोबर

आम्ही दोघं गेलो. रांगेत रोशन पुढं, मी मागं. आमच्यात नेहमी तिसरा माणूस असतो. येताना त्यांच्यासाठी एक पुस्तक घेतलं. शनिवारी खाप्याला जायचं ठरलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

हे सगळं लिहायला हवं, नाहीतर झोप येणार नाही.

मामाजी ओट्यावर बसले होते. आम्ही फाटक उघडलं तरी त्यांना आधी ओळखू आलं नाही. कोण हाय, म्हणाले. रोशननं बाबा म्हटलं तेव्हा उठले. बारीक झालेत. कपाळावर घाम — सकाळचे नऊ आणि थंड वारा सुटलेला! उजवी पापणी फडफडत होती. मी जवळ जाऊन डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या.

मला ते डोळे पाठ आहेत. महिनाभर पिंजऱ्यात रोज पाहिलेत.

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात धरला. "चाल, तुले दाखवतो." घरामागे घेऊन गेले. आणि मला वेडच लागायचं बाकी राहिलं. वाफे केलेत! भुईआवळ्याचे! जे तण म्हणून लोक निंदून फेकतात त्याचे ओळीत वाफे, पाट काढलेला, आणि बकऱ्या शिरू नयेत म्हणून चारी बाजूंनी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांचं कुंपण. हिरवागार. गुडघ्यापर्यंत आलेला. एकेक पान जसंच्या तसं.

"एका पानाले छेद नाही. पाह्य."

मी विचारलं, मामाजी, अळी कशी लागली नाही हो याला?

तेव्हा त्यांनी सांगितलं. एवढ्या अभिमानानं सांगितलं! मागच्या वर्षी त्यांच्याच ओट्यावर बसून मी पानं निवडत होते, आणि म्हटलं होतं की अर्धा माल फेकावा लागतो, किडीनं पार वाट लावलीय. मी म्हटलं आणि विसरले. ते विसरले नाहीत. यंदा पावसाळा लागताच बी धरून वाफे केले. अळी दिसली. बटईवाल्याकडे कपाशीचं उरलेलं कीटकनाशक होतं, ते मागून आणलं. दर आठ दिवसांनी फवारा मारला. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला दुपट्टा बांधून, या वयात! जून संपल्यापासून, परवापर्यंत.

"तुह्या कामात खोट राहाले नाही पाह्यजे, म्हणून मारला."

वाऱ्यानं कुठूनच काही आलं नव्हतं.

मी तिथंच वाफ्याच्या कडेला बसले. ते घाबरले. का झालं वं पोरी, ऊन लागलं का. पाणी आणायला धावले, म्हणजे धावायला गेले, पण पाय लटपटला आणि भिंत धरून उभे राहिले. या माणसानं माझ्यासाठी विष अंगावर घेतलं, वर त्याच पानांचा काढा रोज प्यायला, आणि आता मलाच पाणी द्यायला निघाला! मला जोरात रडायचं होतं. रडले नाही. हसले. म्हटलं, मामाजी, काय सुंदर वाफे केलेत हो.

मग खोटं बोलायला सुरुवात झाली, ती संपलीच नाही. म्हटलं, प्रयोगाला अजून लागतंय, हिरवा-वाळलेला सगळा नेते. कुणाला दिला का यातला? "कोणाले देऊ? तुह्यासाठीच ठेवला ना." रोशननं आणि मी सगळे वाफे उपटले. मामाजी बाजूला उभे राहून सूचना देत होते, मुळं तुटू देऊ नका. तीन पोती झाली. फवाऱ्याची बाटली मी पदराआड करून पिशवीत टाकली. त्यांनाही गाडीत घातलं. गुडघा दाखवू नागपूरला, म्हणून.

६ ऑक्टोबर

रक्ताचा रिपोर्ट. कोलिनेस्टरेज सामान्याच्या निम्म्याहूनही खाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आता फवारा नाही, काढा नाही, महिना-दीड महिना आराम. हळूहळू वर येईल. अजून दोन-चार फवारे झाले असते तर सांगता येत नाही.

दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. तोंड धुऊन बाहेर आले तर मामाजी विचारतात, गुडघ्याचं का म्हणे डॉक्टर!

९ ऑक्टोबर

रोशनशी कडाक्याचं भांडण. दबक्या आवाजात, कारण बाबा हॉलमध्ये.

तो म्हणतो, त्याले सांग. मी म्हणते, सांगितलं ना, फवारा अंगाला लागला म्हणून आजारी पडलात. तो म्हणतो, ते नाही. उंदीर तुह्या बुटीमुळं मेले, सुनेचा प्रयोग तुह्या फवाऱ्यानं बुडाला, हे सांग. माझ्याच्यानं ते होणार नाही. सहा वर्षांनी या माणसाला सकाळी उठायला कारण मिळालं होतं. ते कारणच विष होतं, हे कोणत्या तोंडानं सांगू? आणि बोलले तर मीच होते ना! किडकी पानं, किडकी पानं म्हणून.

रोशन म्हणाला, "दुसऱ्या कोणाकडून समजलं तं त्याले जास्त लागन, मिनल."

बरोबर आहे त्याचं. म्हणून जास्तच राग आला. जेवण वाढलं आणि ताट आपटलं.

१२ ऑक्टोबर

मामाजी गॅलरीत उभे राहत नाहीत. स्वयंपाकघरात बसतात, लसूण सोलतात. पापणी फडफडायची थांबली. आज पेपर वाचला, चष्मा न बदलता.

तीन पोती कॉलेजच्या घातक कचऱ्यात देऊन आले. पावतीवर 'वनस्पती, दूषित' असं लिहिलं. तीन महिन्यांची त्यांची मेहनत. घरी मामाजींनी विचारलं, पोचला का माल? म्हटलं, पोचला.

१८ ऑक्टोबर

शेवटी हट्टच धरला त्यांनी. उंदीर दाखव!

नेलं. मनोहरराव आणि ते पाच मिनिटांत असे बोलायला लागले जसे एका गावचे. मनोहरराव मूळचे सावनेरकडचे, निघाल्याच ओळखी. कोण कुणाचा साळा, कुणाची पोरगी कुठं दिली. मी नुसती उभी. मग मामाजी पिंजरे बघत पुढं गेले. नवीन तुकडीचे उंदीर आहेत आता, दुसऱ्या कुणाच्या प्रयोगाचे. पाचव्या जागी रिकामा पिंजरा, धुऊन पालथा घातलेला.

"याच्यातले कुठं गेले?"

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी सांगितलेलं नाही, पण रिपोर्टचं माहीत आहे आणि भुईआवळा खाप्याचा हेही माहीत आहे. डोकं चालतं त्यांचं. मी म्हटलं, प्रयोग संपला मामाजी. ते मान हलवून पुढं गेले. येताना मनोहररावांना म्हणाले, तुमची मॅडम रागीट आहे का हो? मनोहरराव म्हणाले, नाही, चांगली आहे. खोटारडे आम्ही दोघंही!

३ नोव्हेंबर

रक्त वर येतंय! अजून पूर्ण नाही, पण डॉक्टरांचं तोंड पाहूनच समजलं. मामाजींनी परतायची घाई लावलीय. सोडणार नाही म्हटलं तर, इथं तुह्या लसणाले किती दिवस सोलू, म्हणाले.

८ नोव्हेंबर

खाप्याला पोचवून आलो. घरामागं उपटलेली जागा तशीच. ते बराच वेळ तिथं उभे होते. यंदा इथं का लावू, म्हणाले. मेथी लावा म्हटलं, पालक लावा. फवारा नाही हं! "नाही वं, कान धरले."

निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझा फार जीव आहे त्यांच्यावर. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, त्यांनाही नाही.

२० नोव्हेंबर

बोरकर मॅडम पेटल्यात. म्हणतात, मिनल, तुझा प्रयोग फसला नाही, तुला मोठा प्रश्न सापडलाय. लोक शेतातून, बांधावरून काढून जडीबुटी पितात, चांगली म्हणून. त्यांच्यात फवाऱ्याचे अंश किती, हे कोण तपासतं? पाचवा पिंजरा हाच तुझा प्रबंध. मला एकदम हलकं वाटलं. चार वर्षं वाया गेली नाहीत!

मग त्यांनी विचारलं, "पण आलं कुठून, ते शोधलंस?"

मी म्हटलं, शेजारच्या कपाशीवरून उडालं असेल.

मॅडमनी चष्मा काढला. उडून आलेल्यानं एवढं प्रमाण येत नाही. थेट मारलेलं आहे. किती वेळा, किती दिवसांनी, शेवटचा फवारा आणि काढणी यांत किती दिवस — हे मिळालं तर या निकालाला वजन, नाहीतर नुसता किस्सा.

सगळं मिळू शकतं. एका फोनवर.

मी म्हटलं, माहीत नाही मॅडम.

२१ नोव्हेंबर

'वनस्पती खापा परिसरातून संकलित. कीटकनाशकाचा स्रोत अज्ञात.' असं लिहिलं. दोन वाक्यं. चार वेळा खोडली, पाचव्यांदा ठेवली. प्रबंधात खोटं लिहिणारी बाई पोरांना आता कोणत्या तोंडानं शिकवणार? पण त्या वाक्यात त्यांचं नाव आलं की ते जन्मभर वाफ्याकडे बघणार नाहीत. माझ्याकडेही नाही. रिपोर्ट, आकडे, डिग्री सगळं एका बाजूला, आणि ते एका बाजूला. मी निवडलं. चुकलं असेल तर चुकलं.

२ डिसेंबर

रोशनला वाक्य दाखवलं. त्यानं वाचलं आणि कागद परत दिला. यापेक्षा भांडला असता तर बरं.

११ डिसेंबर

उद्या सादरीकरण. प्रबंध देण्याआधीचं, सगळ्या विभागासमोर, बाहेरचे एक परीक्षक. साडी काढून ठेवली. मामाजींना कळवलं नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला तर म्हटलं, उद्या कॉलेजात जरा काम आहे. ते म्हणाले, बरं, नीट जेवून जाय.

हे शेवटचं खोटं. उद्या एकदा झालं, की बस.

१२ डिसेंबर

परीक्षकांनी शेवटी मराठीतच विचारलं — हे कीटकनाशक वनस्पतीवर आलं कुठून? मी म्हटलं, सर, स्रोत अज्ञात आहे. मागं खुर्ची सरकली. पांढरा सदरा! मनोहररावांनी फोन करून बोलावलं होतं म्हणे, तुमच्या सुनेचा मोठा दिवस आहे म्हणून. मामाजी पूर्ण वेळ मागच्या रांगेत बसून होते. सगळं ऐकलं होतं. उभे राहिले.

"अज्ञात काहून म्हणतं वं पोरी? मी आहो ना इथं. फवारा म्याच मारला. लिव — चंपतराव गजभिये, खापा. तारखा बी सांगतो."

मी टेबलावरची प्रत ओढली, पेन घेतला, 'अज्ञात' खोडलं आणि सगळ्यांसमोर त्यांचं नाव लिहिलं.